आरामाचा लॅपटॉप

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
२ फेब्रुवारी

आदरणीय कचरूदादा,

सविनय जयभीम. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा आणि मनकर्णावहिनींचा खोकला कसा आहे ते कळवा. (आईनं खोकल्याचं आधी विचारायला सांगितलं होतं, पण तुमच्या वयाचा मान म्हणून गुडघा पुढं घेतला.)

मी रिटायर झाल्यावर पिशोरला येऊन माझा जुना लॅपटॉप तुम्हाला दिला, तेव्हा 'दिलेली वस्तू धम्मपाल परत मागत नसतो' असं चारचौघांत बोललो होतो, ते तुमच्या लक्षात असेलच. (नसेल तर फार उत्तम.) त्यानंतर औरंगपुऱ्यात नवा घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "अंकल, ये आर्मवाला है." मला ऐकू आलं आरामवाला. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? किंमतसुद्धा न घासता उचलला. पुढं आठवडाभर तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींना मी आरामाच्या लॅपटॉपचे गुण सांगत होतो आणि दोघांनी तर त्याचं नाव लिहूनही घेतलं. गुणही खरे आहेत. तो तापत नाही, त्यात पंखाच नाही, सकाळी चार्ज केला की दुसऱ्या दिवशीपर्यंत बघायला नको. जुना सुरू केला की आई विचारायची, पिठाची गिरणी कुणी चालू केली. याचा हूं की चूं नाही.

शेवटी आमच्या विशाखानं खुलासा केला, की पप्पा, ते आराम नाही, आर्म आहे. त्याच्या प्रोसेसरची जातच वेगळी, म्हणून जुन्या गोष्टींचं त्याच्याशी जमत नाही. (आपण जात सोडून सत्तर वर्षं होत आली, आणि ही लॅपटॉपात जाऊन बसली.) आता आईची चौसष्ट गाणी मी तीन वर्षं खपून जुन्या लॅपटॉपवर टाइप केली होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिला जन्मतारीख माहीत नाही म्हणून आपण चौदा एप्रिल धरली, आणि यंदा तिच्या ऐंशीला पुस्तिका विहारात वाटायचं ठरलं. पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, तर पडद्यावर टोप्या घातलेली फिरंगी अक्षरं. मराठी टायपिंगच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरला एक चावी लागते, ती यूएसबीत खुपसली तरी नवा लॅपटॉप तिला ओळखच देत नाही. खोटं कशाला सांगू दादा, डोळ्यांत पाणी आलं.

आई शेजारी मेथी निवडत होती. म्हणाली, "त्याला येत नसंल तर नसंल, मला तर येतंय. लिही तू." आणि तिनं पहिल्यापासून गायला सुरुवात केली. मी वहीत उतरवत गेलो. रोज सकाळी तीन-चार होतात. शेजारणी येऊन बसतात, चहा होतो, विशाखा टाळ्यांचा ठेका धरते. इतका आनंद या घरात पुष्कळ दिवसांनी आला. हे पत्रही हातानंच लिहितोय. आर्म म्हणजे इंग्रजीत हात, हे मला तेव्हा कळलं.

आपला धाकटा भाऊ,
धम्मपाल

ता. क. : गाडं एक्केचाळिसाव्या गाण्यावर अडलंय. पुढचं आईला काही केल्या आठवेना. तेव्हा तो जुना लॅपटॉप पिशोरच्या बसनं पाठवता का? परत मागत नाही, फक्त बोलावतोय. वहिनी त्याच्यावर विरजणाचं भांडं ठेवतात असं ऐकलं. बदल्यात नवा दिला असता, पण त्याच्यावर दही लागणार नाही.

ता. क. दुसरा : आईनं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि वरचा ताजा कलम खोडायला लावत होती. तिचा निरोप जसाच्या तसा देतो : "कचरूला म्हनावं, डबडं नगं धाडू. मनकर्णाला धाड. तिनं धुरपद धरलं की मला पुढचं समदं आठवतं." तेव्हा दादा, बसमध्ये खिडकीची जागा धरा आणि तिथं वहिनींना बसवा.