मुका अभ्यास

नरडाणा, गुरुवार, संध्याकाळ

नात वैशाली चीनमधल्या बिझनेस कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसते आहे. त्यात इंग्रजीचा पेपर. चीनला इंग्रजी कशाला, कोण जाणे. पण तिच्या खोलीतून कधी आवाजच नाही. मी चौथीपर्यंत शिकलो तो मोठ्यानं घोकून. आवाज नाही म्हणजे अभ्यास नाही, असं मी तिच्या बापाला सांगितलं. त्यानं लगेच दोंडाईच्याच्या पाहुण्यांना रविवारी मुलगी बघायला बोलावलं.

आज तिलाच विचारलं. म्हणाली, "आबा, हाई परीक्षा वाचानी शे, बोलानी नही. उतारा मनमा वाचाना, बरोबर उत्तरवर खूण करानी."

एक शब्द न बोलता इंग्रजी? मग ती गप्प बसायची तो अभ्यासच होता? आवाज नव्हता तरी?

मुलाला म्हटलं, पाहुण्यांना नको म्हण. तो म्हणाला, "तुम्हीच तं सांगं व्हतं, आबा. आते फोनबी तुम्हीच करा."

केला. पाहुण्यांनी विचारलं, "पोरमा काही खोट शे का?" नाही म्हणालो, पोरगी खूप अभ्यास करते.

हे तिच्या तोंडावर मी अजून म्हटलेलं नाही.