फळ्यासाठी मोटारीवर दांड्या

२१ एप्रिल १९४६, रविवार

शुक्रवारच्या पानावर लिहिले आहे की बाबांनी मोटार द्यायला नकार दिला. ते चूक आहे. बाबा एवढेच म्हणाले होते, "छताले भोक पडू नये." ते नकार असाच देतात म्हणून मी नकार लिहून मोकळी झाले. आज धीर करून पुन्हा विचारले. "भोक नाई पडलं तं ने." म्हणजे होकारच. जुने पान खोडत नाही, काठावर खूण केली आहे.

फळा गोंदियाला, माझ्या जुन्या शाळेत. मोठ्या बाईंनी दिला, पण सुटी लागायच्या आत न्या म्हणाल्या. दाराएवढा आहे. बसवाल्याने टपावर घ्यायला नाही म्हटले. बैलगाड्या लग्नांत, नाहीतर बिडीसाठी तेंदूपत्ता उचलणाऱ्या ठेकेदाराकडे. इथे गोरेगावात मी काढणार त्या मुलींच्या वर्गाला मिळालेली खोलीही तोच ठेकेदार मागतो आहे. खोली पाटलांची. पाटील म्हणतात, फळा लागला तर शाळा, नाही लागला तर पत्त्याची पोती.

ज्यांच्या मुलींची नावे घातली त्या बाया विहिरीवर विचारतात. मी "होईल" म्हणते. खोटे बोलते का मी?

२३ एप्रिल, मंगळवार

गिरणीच्या कामाने बाबा गोंदियाला, मीही गाडीत. मोटारीच्या सामानाच्या दुकानात तयार कॅरिअर पाहिले. "बाबूजी, इससे बढ़िया नहीं मिलेगा." चांगलेच होते, पायाखाली रबरसुद्धा. पण आमच्यापेक्षा रुंद गाडीचे, आणि किंमत बाबांपुढे उच्चारता येणार नाही अशी.

आमच्या मोटारीचे छत मधोमध कापडाचे, कडेनेच पत्रा. पत्र्याच्या काठाला पावसाचे पाणी जायला पन्हळ आहे. दांडीची टोके त्या पन्हळीत अडकवायची आणि मधे कापडाला टेकू द्यायचे नाही. मला एवढे कळले. दुकानदार माझ्याकडे न पाहता सगळे बाबांना सांगत होता. बाबा हूं हूं करत रस्त्यावरची गर्दी पाहत होते.

झनकभाऊ (आमचे ड्रायव्हर) म्हणाले, गावातला लोहार छकड्याच्या जुन्या धावेतून दोन पट्ट्या काढून देईल. चाकावरची लोखंडी धाव, फुकटच म्हणायची. तेच ठरवले. पेट्रोलच्या रेशनची कुपनेही संपत आली आहेत. पुढची खेप फळ्याचीच, दुसरी नाही.

२७ एप्रिल, शनिवार

लोहाराने तीन वेळा उद्या म्हणून आज दिल्या. त्याच्या भात्याशीच गाडीवर बसवून घेतल्या. आनंदात घरी आले तर आई फाटकात आडवी.

"शनवारी लोखंड घरात आनते का कोनी?"
"आई, मोटार काय मातीची आहे?"
"ते सकाळी गेली तवा घरचीच होती. ह्या दोन दांड्या नव्या होत."

बाबांकडे पाहिले. ते पान खात होते. मोटार रात्रभर लिंबाखाली, फाटकाबाहेर. शिकून काय केले मी?

२८ एप्रिल, रविवार

सकाळी आईनेच दांड्यांना हळदकुंकू लावले, नारळ फोडला, आणि वर म्हणाली, "आता कशी शोभते!" राग धरू की हसू.

मग टपावर धानाची दोन पोती ठेवून पाहिली. मी आत बसून छताला तळहात लावला. दांडीने कापड हातावर दाबले. पट्ट्या मधे वाकल्या होत्या. लोहार म्हणतो, तुम्ही लोखंड मागितले, लोखंड दिले. झनकभाऊ हसत होते. "ताई, धाव जनमभर चाकावर राहिली. तिले आताबी गोलच व्हावसं वाटून राहिलं."

मला हसू आले नाही. भोक पडले नाही, पण पडले असते.

३० एप्रिल, मंगळवार

लाकूड हवे. सागाचे, सरळ. सुतार सगळे मांडवांना गुंतलेले. चौघांकडे गेले, चौघेही "लगन होऊ द्या बाई."

माझ्या खाटेच्या दोन्ही बाजूंच्या लांब पाट्या सागाच्या आहेत. आईला आधी विचारले, मगच सुतळी सोडली.

"मोटारीले खाट जोडून राहिली, आता झोपशील कायच्यावर?"
"चटईवर."
"सासरी जाऊन सांगजो, आमच्या घरी चटईच होती म्हनून."

पण करवत तिनेच शेजारून आणली. पट्ट्यांची टोके कापून लोहाराकडून आकडे वळवून घेतले. भार घ्यायचे काम लाकडाकडे, धरायचे काम लोखंडाकडे. आकड्यांखाली जुन्या चपलेचे चामडे, म्हणजे रंग खरडला जाणार नाही.

२ मे, गुरुवार

दांड्या बसल्या! पोती ठेवली, गाडी तळ्यापर्यंत नेली, आणली. हात छताला लावून बसले होते. कापड आणि लाकूड यांत बोटभर जागा शेवटपर्यंत राहिली.

संध्याकाळी बाबा दारातून म्हणाले, "शांते, ते काढून ठेव. आयतवारी वरात आहे."

चुलतभावाची. नवरदेव आमच्या मोटारीत बसणार. हे कधी ठरले? मला कोणी सांगितले नाही.

"बाबा, दांड्या असल्या म्हणून काय..."
"नवरदेवाच्या डोक्यावर खाट? लोक म्हनतीन सरपन घेऊन आले."

अर्ध्या जेवणावरून उठले. नंतर वाईट वाटले, पुन्हा येऊन ताट पुसून खाल्ले.

४ मे, शनिवार

दांड्या काढल्या. मीच काढल्या, झनकभाऊंना हात लावू दिला नाही. कोठीत ठेवल्या आहेत. आईने विचारले, आज शनिवार, लोखंड बाहेर तर नाही ना जात? नाही जात.

पाटलांचा निरोप आला: मंगळवारी पत्त्याची पोती येतात, खोलीचे काय ते कळवा. मोठ्या बाईंची शाळा बुधवारी बंद.

झनकभाऊंनी टाकीत काडी घालून पेट्रोल पाहिले. वरात तळ्याला एक वळसा घालून लगेच परतली तर गोंदियापुरते उरेल. बँडवाल्यांच्या मागे घोळत राहिली तर सांगता येत नाही.

"ताई, उरलं तं नेतो मी. पन मालकानं मले इचारलं तं?"
"तुम्हाला नाही विचारणार. मी आधी सांगितलेले असेल."

सांगणार, विचारणार नाही. विचारले की बाबा काहीतरी बोलतात आणि मी तो नकार लिहून मोकळी होते.

उद्या वरात परतली की दांड्या चढवायच्या. सोमवार, ६ मे, उजाडताच गोंदिया.