गुआन गुरुजींचा शिक्का आणि माझे नाव

मी, अलेटा हूकस्त्रा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिलालेखांचे ठसे घेणे व वाचणे, मूळ राहणार ग्रोनिंगन, गेली चव्वेचाळीस वर्षे राहणार पेकिंग (सरकारी कागदावर हल्ली पैपिंग लिहितात, मी लिहिणार नाही), स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला वकिलातीतला एक कारकून गेल्या आठवड्यात येऊन गेला. "बाई, लाल फौज जवळ आली आहे, तियानजिनहून सुटणारं हे शेवटचं जहाज आहे," असे तो म्हणाला. "मग तू पळ, चुकेल तुझं," मी म्हणाले. मी इथेच मरणार आहे.

१. देह. मला मिशनच्या दफनभूमीत पुरू नये. १९११ साली गुआन गुरुजींच्या आई वारल्या, तेव्हा मी त्यांच्या शवपेटीपुढे कपाळ जमिनीला टेकले, म्हणून मिशनने मला कामावरून काढून टाकले. मी मूर्तिपूजा केली म्हणे! त्या माउलीने सात हिवाळे मला स्वतःच्या हातच्या शेवया खाऊ घातल्या होत्या. कपाळ माझे होते, मी हवे तिथे टेकले. मला पश्चिमेच्या टेकड्यांत, गुरुजींच्या थडग्याच्या पायथ्याशी जागा द्यावी. शेजारी नको.

२. घर. बोराच्या झाडासकट हे घर मी वडिलांच्या वारशातून घेतले, पण परक्या बाईला इथे जमीन घेता येत नसे, म्हणून खरेदीखत गुआन शिउलिन, म्हणजे माझे गुरुजी, यांच्या नावाने झाले. त्या वेळी सगळ्या गोऱ्या वस्तीने मला वेड्यात काढले. "तो मास्तर तुम्हाला वर्षभरात रस्त्यावर काढील," असे मला चार जणांनी सांगितले. गुरुजी एकतीस वर्षे, मरेपर्यंत, या घराच्या दारावर थाप मारून आणि "येऊ का?" विचारूनच आत येत राहिले. खत त्यांच्या मुलीच्या, गुआन पेईवनच्या नावे आधीच झाले आहे. माझ्या नातलगांपैकी कोणी या घराच्या विटेवरही हक्क सांगू नये.

३. हत्यारे. घोड्याच्या केसांचे तीन ब्रश, शाईचे दोन दगड आणि गुरुजींनी आपल्या आईच्या जुन्या रेशमी अंगरख्यातून बांधलेल्या शाईच्या पुरचुंड्या पेईवनला. तिला काम येते. ओला कागद दगडावर बसवून अक्षरांच्या खाचांत ठोकायचा, अर्धवट वाळला की वरून शाई टिपायची. हात जड पडला तर अक्षर बुजते. माझा हात दहा वर्षे जडच होता.

स्वयंपाकी लाओ चू याला लोखंडी कढई, आणि त्याने माझ्या चीजला एकोणीस वर्षे "सडकं दूध" म्हटले त्याबद्दल माफी.

४. कबुली. ही कोणाला देण्याची वस्तू नाही, पण यादीत हवी.

या शहरातल्या आणि टेकड्यांतल्या दोनशे साठ देवळांचे अकराशे बारा ठसे गुरुजींनी आणि मी घेतले. त्यातली निम्मी देवळे आज उभी नाहीत. काम कसे चाले ते सांगते. सुरुवातीला मी दारात पाय ठेवताच शिलालेख कुठे आहे ते विचारी, आणि दार माझ्या तोंडावर लागे. गुरुजी मात्र बसत. तीन कप चहा होईपर्यंत ते मठातल्या विहिरीचे पाणी, कोबीचे पीक, वडीलधाऱ्यांची तब्येत यांवर बोलत. तिसरा कप खाली ठेवला की मग दगडाचा विषय. माझ्यासाठी उघडलेले प्रत्येक दार असे उघडले आहे.

१९२२ साली माझे पुस्तक छापून आले. युरोपात वाहवा झाली, पदक मिळाले. प्रस्तावनेत मी "एका वृद्ध स्थानिक लेखनिकाची मदत झाली" असे लिहिले होते. ते तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. गुरुजींनी पुस्तक दोन दिवस वाचले आणि म्हणाले, "तीन तारखा चुकल्यात. पुढच्या आवृत्तीत बघू." एवढेच. पेईवन तेव्हा चौदा वर्षांची. ती तडक माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "बाई, यात माझ्या बाबांचं नाव कुठल्या पानावर आहे?"

"पेईवन, आत जा," गुरुजी म्हणाले.

"पान सांगा, मग जाते."

ते नाव कुठल्याच पानावर नव्हते. पुढच्या आवृत्तीतही मी फक्त तारखा दुरुस्त केल्या. प्रकाशक दुसरे नाव नको म्हणाला आणि मी भांडले नाही. एरवी सगळ्या जगाशी भांडले. माझे घर त्यांच्या नावावर होते, ते त्यांनी एक दिवसही आपले म्हटले नाही. त्यांचे काम माझ्या नावावर होते, ते मी जन्मभर आपले म्हणत आले. याची मला लाज वाटते.

५. भाचा. माझ्या बहिणीचा मुलगा, प्राध्यापक देर्क वीर्समा, चीनविषयाचा जाणकार समजला जातो. तो पेकिंगला एकदा अकरा दिवस आला होता आणि त्यातले चार दिवस पोट बिघडून अंथरुणात होता. ठसे व टिपणे त्याच्याकडे पाठवावीत, तो ती माझ्या नावाने छापील, असे त्याचे पत्र आहे. "मावशी, मुखपृष्ठावर दोन नावं नकोत. चिनी नाव आपल्या वाचकाच्या लक्षात राहत नाही." राहील, देर्क. मी तशी सोय केली आहे.

६. ठसे. गुरुजी पाच वर्षांपूर्वी गेले. या उन्हाळ्यात मी पेईवनकडे त्यांचा नाव कोरलेला शिक्का मागितला. "नाव मागितलं तेव्हा दिलं नाहीत, आता शिक्का मागताय?" ती म्हणाली आणि निघून गेली. चौथ्या दिवशी शिक्का आणि लाल शाईची डबी घेऊन आली. "मी मारणार. तुम्ही फक्त कागद धरा."

घराच्या खताला दोन पानांच्या सांध्यावर शिक्का असतो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे, म्हणजे एक पान दुसऱ्यापासून तोडता येत नाही. तसाच प्रत्येक ठसा व त्याचे टिपण यांच्या सांध्यावर गुरुजींचा शिक्का आम्ही चाळीस दिवस बसून मारला. अकराशे बारा वेळा मी कागद धरला. आता गुरुजींचे नाव फाडल्याशिवाय त्यातले काहीही वेगळे होणार नाही.

हे सर्व ठसे, टिपणे व छापण्याचा हक्क मी गुआन पेईवनला देते. पहिले नाव गुआन शिउलिन, खाली "शिष्या" म्हणून माझे, एवढी एकच अट. देर्कला छापायचे असेल तर त्याने इथे यावे, दारावर थाप मारावी, "येऊ का?" विचारावे आणि तीन कप चहा होईपर्यंत विषय काढू नये. त्यानंतरही नाही म्हणण्याचा पेईवनला पूर्ण अधिकार आहे.

या मृत्युपत्राची दोन पाने आहेत. सांध्यावर गुरुजींचा शिक्का आहे. कायद्याला तो लागत नाही, मला लागतो.

स्थळ: पेकिंग. तारीख: १६ नोव्हेंबर १९४८.

सही: अलेटा हूकस्त्रा, गुआन शिउलिन यांची शिष्या

साक्षीदार:
१. दू हंगशान, औषधविक्रेते, शेजारी
२. भिक्षू चिंगयुआन, मठाधिपती. १९०५ साली माझ्या तोंडावर दार लावणारे ते हेच. आज सही करण्यापूर्वी त्यांनी तीन कप चहा घेतला, आणि या वेळी मी थांबले.