जवाईबापूंचा सल्ला आणि आमचे बंद लूम

कामठी, शनिवार

आदरणीय मधुकरराव जवाईबापू यांना कामठीहून रामाजीचा हात जोडून रामराम. आम्ही इकडे बरे आहो, म्हणजे अंगानं बरे आहो, डोक्याचं काही सांगता येत नाही. नीलाची सर्दी गेली काय? तिले म्हणा, संध्याकाळच्या थंडीत गच्चीवर उभी राहून शेजारणीशी बोलणं कमी कर, अर्धी सर्दी तशीच जाईल. (हे तिच्या भावानं सांगितलं असं सांगू नका.)

पत्र लिहायचं कारण असं, की मागच्या खेपी आमच्याकडे जेवताना तुम्ही जो सल्ला दिला, तो मी पुरा अमलात आणला. ओमप्रकाश शेठजीनं मले लूमवरून उचलून कारखान्याचा मुकादम केलं, महिनाभर पाहतो म्हणाले, आणि आमची गोपिका दुसऱ्याच दिवशी बसमध्ये बसून माहेरी खाप्याले जाऊन आली. कशाले गेली होती हे काय सांगावं लागते? आता साऱ्या खाप्यात मी मुकादम आहो. महिन्यानं शेठजी नाही म्हणाले तर सासऱ्याच्या दारी कोणत्या तोंडानं जाऊ, ह्या धास्तीनं मी तुमचा शब्द न् शब्द धरून ठेवला. तुम्ही हपिसाच्या खर्चानं मुंबईले जाऊन माणसं कशी सांभाळावी हे शिकून आलेले. मी फक्त लूम शिकलो, तेही मार खाऊन.

पहिले तुम्ही म्हणाले, दुसऱ्याले सांभाळायच्या आधी स्वतःले सांभाळा, राग आला की गिलासभर पाणी प्या. पेलो. पण मुकादमाले दिवसातून किती राग येते ह्याचा तुमच्या मुंबईच्या मास्तरानं विचार केलेला दिसत नाही. दुपारपर्यंत माझं पोट माठासारखं झालं, आणि मी कारखान्यात कमी न् मागच्या भिंतीआड जास्त. त्यातही नवल असं, की मी बाहेर असलो की लूम मस्त चालतात, आत आलो की कोणाचा तरी धागा तुटलाच म्हणून समजा. आता ह्याले माझी मुकादमी चांगली म्हणावं की वाईट, हे तुम्हीच सांगा.

मंग तुम्ही म्हणाले, चांगल्या कामाची चारचौघांत तारीफ करा. बरं. पण जवाईबापू, पावरलूमच्या खटखटाटात कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही, तिथं सारा कारभार हातवाऱ्यांनी चालते. म्हणून मी धोंडबाच्या मागे गेलो (धोंडबा म्हणजे आमच्यात सगळ्यात साफ कापड काढणारा) आणि शाबासकी म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता आमच्याकडे पाठीवर हात म्हणजे घरून बोलावणं आलं, लवकर जा. हे मले माहीत नाही असं नाही, पण तारीफ करायच्या भरात विसरलो. धोंडबा लूम तसाच सोडून जो पळाला तो थेट घरी. घरी त्याची कौसल्या निवांत ज्वारी पाखडत होती. ह्याले धापा टाकत येताना पाहून तिले वाटलं कारखान्यात काही झालं, ती रडाले लागली, तिले पाहून हा रडाले लागला, आणि कोण गेलं म्हणून सारी गल्ली जमा झाली. कोणीच गेलं नव्हतं. संध्याकाळी धोंडबा मले म्हणाला, "काहून गा रामाजी, माझं काय चुकलं होतं?" मी म्हटलं, काही नाही, तुझं काम चांगलं आहे. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी अजून एक गिलास पेलो.

तरी हिंमत सोडली नाही. तुमचा सगळ्यात मोठा सल्ला राहिलाच होता: साऱ्यांले एकत्र बसवा, ज्याचं त्याचं म्हणणं शांतपणे ऐका. शांतपणे ऐकायचं म्हणजे लूम बंद करणं आलं. काल दुपारी केले. एवढं शांत झालं की छपरात कबुतरं राहतात हे आम्हाले कालच कळलं. मी म्हटलं, बोला. सारे मान वर करून कबुतरं पाहाले लागले. शेवटी धोंडबाच्या बाजूच्या लूमवरचा चंद्रभान उठला. म्हणाला, आपली काही तक्रार नाही, बायकोच्या भावानं, त्या साळ्यानं, वावराच्या वाटणीत आपल्याले कसं फसवलं हे आपण रोज धोंडबाले सांगतो, तो मान हलवून सारं ऐकून घेते, आपलं मन मोकळं होते. धोंडबा म्हणाला, कोणता साळा? एवढ्या वर्षांत त्याले एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्याले वाटलं चंद्रभान भजन म्हणते, म्हणून तो तालावर मान हलवत जाय. चंद्रभानचं तोंड एवढंसं झालं, मले पाहवेना. "मंग मी इतके वर्षं कोणाले सांगत होतो गा?" एवढंच म्हणाला आणि चपला घालून बाहेर जाऊन बसला. हे पाहून बाकीच्यांनीही आपापल्या बाजूवाल्याची उलटतपासणी सुरू केली, आणि अर्ध्या घंट्यात कारखान्यात एकमेकांशी बोलणारे दोघं उरले नाही.

तेवढ्यात शेठजी धावत आले. त्यांचं घर कारखान्याले लागून आहे, त्यांले लूमच्या आवाजातच झोप लागते, आवाज थांबला की दचकून उठतात. बिजली गेली काय, म्हणाले. बल्ब तं जळत होते. मी म्हटलं, सभा आहे. ते मले खालपासून वरपर्यंत पाहत राहिले, आणि महिना भरू दे, मंग बोलतो म्हणून परत झोपाले गेले.

तर जवाईबापू, मी चुकलो की सल्ला चुकला की लूमच चुकून राहिले, मले काहीच समजून नाही राहिलं. तुमच्या आईले माझा नमस्कार.

तुमचा गोंधळलेला मेहुणा,
रामाजी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. महिना भरायच्या आत शेठजीले तुमच्या हपिसातल्या भाषेत एक पत्र टाका, की रामाजी माणसं सांभाळायच्या लायक नाही, त्याले लूमवरच ठेवावं. माझ्या लूमवर आता मारोतराव बसते. तो भला माणूस आहे, तरी त्याले तिथं पाहिलं की उठवून स्वतः बसावं वाटते. खाप्याले तोंड लपवून जाईन, पण मले माझा लूम पाहिजे. मुकादमी मीच सोडली म्हटलं तर गोपिका माझा जीव घेईल, शेठजीनं काढलं म्हटलं तर शेठजीले शिव्या देईल. नीलाले सांगू नका, तिच्या पोटात काही राहत नाही.

दुसरा ता. क. पाकिटाले गोंद लावत होतो तं गोपिकानं पत्र ओढून वाचलं. रागावली नाही. म्हणाली, खाप्यात मी कोणालेच काही सांगितलं नाही, पापड कराले गेली होती. तुमचं मन लूमवरून उठत नाही हे मले माहीत होतं, म्हटलं महिनाभर पाहू. हे ऐकून मले इतकं हलकं वाटलं की डोळ्याले पाणी आलं.

तिसरा ता. क. आता मले राग येऊन राहिला. सख्ख्या बायकोले माझ्या मुकादमीचा एवढाही भरवसा नसावा? खाप्यात एका माणसाले तरी सांगायचं होतं! आता मुकादम होऊनच दाखवतो. शेठजीले पत्र लिहू नका. किंवा लिहा, पण पेटीत टाकू नका, जवळ ठेवा.