ऐंशी टक्क्यांसाठी

माय, तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज सांगायला बसलोय ते चांगलं काही न्हाई. आपल्या धाकट्याच्या अपंग सर्टिफिकेटाची मुदत संपली. जन्मापासून त्याची समज लेकराएवढी, आता चाळिशी गाठली, आणि कागद म्हणतो फेरतपासणी करा! मुदत संपली की माणूस शहाणा होतो काय? थू असल्या अकलेवर. पण कागद पाहिजेच, कारण त्याला सांभाळतो म्हणून माझ्या पगारावरच्या आयकरात सूट भेटते. शाळेतले क्लार्क हळूच म्हणले, "गुरुजी, ऐंशीच्या वर टक्के लिहून आणा, सूट मोठी हाय. पंच्याहत्तर हजारावर काहून थांबता?"

तेव्हाच मला कुरुंद्याची आपली चूल आठवायला पाहिजे होती. हळद शिजवून तुझी बोटं पिवळी, समोर तो, अंगात माझा जुना शर्ट. "खालून धर. वर ये. घाल भोकात." पाच गुंड्या लावायला शिकवताना तुझी तीन वर्षं गेली, शर्टाची पट्टी पिवळीजर्द झाली. एकदा डोंगरकडा गावाला लग्नाला जायची घाई म्हणून मीच पटापटा लावून दिल्या, तर तू उलथनं माझ्या हातावर हाणलंस. "त्याचे हात तोडून राहिला का रे? मी मेल्यावर कोण लावंल? त्याचं त्याला लावू दे." शेवटची गुंडी लागली की तो टाळ्या वाजवायचा आणि तू शेजारणीला बोलावून दाखवायचीस.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी त्याला समोर बसवलं, तू बसवायचीस तसंच. म्हणलं, "उद्या डॉक्टरनं गुंडी लाव म्हणलं तर लावायची न्हाई. हात खाली ठेवायचे." चार-पाच बारी करून घेतलं. शिकवणं मला येतं, माय, मास्तर हाय मी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी "गुंडी लाव बरं" म्हणलं, तर तो माझ्याकडं बघत हात मांडीवर ठेवून बसला. बाईंनी कागदावर खूण केली. बाहेर आल्यावर मी त्याला जिलबी घेऊन दिली. स्वतःची इतकी शिसारी जन्मात आली नव्हती, तरी जिलबी मीही खाल्ली.

टक्के ऐंशीच्या वर आले. क्लार्क खूश. पण तेव्हापासून तो गुंडी लावतच न्हाई. शर्ट घालतो, हात खाली सोडतो आणि शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडं बघतो. "लाव रे राजा, आता लाव," मी गयावया करतो. तो मान हलवतो, "न्हाई. हात खाली." त्याला वाटतं, मी अजून परीक्षाच घेऊन राहिलो.

हे लिहिलेलं कुठं धाडायचं न्हाई, त्याच्याच फाईलीत ठेवीन. कोण लावंल म्हणून तू विचारलं होतंस ना? रोज सकाळी पाचही गुंड्या मी लावतो. आणि माय, यंदाही सूट घेतली.