तोंडातला घोट

सोमवार, ४
आजपासून मी वॉर्डची इन्चार्ज! हातात ड्यूटीचा तक्ता, पेन्सिल, खोडरबर – सत्ता म्हणतात ती हीच. आधीच्या इन्चार्ज ताई गुडघ्यांपायी पायउतार झाल्या, आता माझ्या हाताखाली. आठ वर्षं बहुतेक रविवारी त्यांनी मलाच जुंपलं. आता आईला गीतांच्या पुस्तकातली अक्षरं दिसत नाहीत. चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत कुणीतरी शेजारी बसून ओळ कानात सांगावी लागते. ते कुणीतरी म्हणजे मीच.
तेव्हा महिन्याचे उरलेले चारही रविवार ताईंच्या नावावर टाकले. प्रभू, हा सूड नाही, नियोजन आहे.

मंगळवार, ५
नवऱ्याला कौतुकानं सांगितलं. म्हणाला, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. तू ताईंचे ओढतेयस."
त्याचं ताट जरा जोरात ठेवलं. संयम – शून्य.

गुरुवार, ७
चर्चच्या पाळकबाईंनी उपाय दिला. राग आला की पाण्याचा घोट तोंडात धरायचा, निवल्यावर गिळायचा. अधिकार आधी आपल्या जिभेवर चालवावा, मग दुसऱ्यांवर, असं त्यांचं म्हणणं.
दुपारपर्यंत अकरा ग्लास! पाच नंबरच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, सिस्टर, ती दाढ काढूनच टाका.

शनिवार, ९
घात झाला. ताई तक्ता घेऊन समोर येऊन बसल्या. मी नुकताच घोट भरलेला.
"चारही रविवार मला सुट्टी देशील ना?"
गाल फुगलेले, डोळे वटारलेले – आणि मान हलली. कशी हलली कोण जाणे!
"गुणाची गं माझी," म्हणत त्यांनीच रबर उचललं. त्यांचं नाव गेलं, माझं आलं. मी गिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

रविवार, १०
ड्यूटी. आई एकटीच गेली. फोनवर म्हणाली, नुसते ओठ हलवले, कुणाला कळलं नाही.
मला कळलं.
दिवसभर तेच डोक्यात. मी गप्प बसते ती नम्रता, की भीती? खोटे आरोप झाले तेव्हा प्रभूही गप्प राहिला – पण मंदिरातल्या व्यापाऱ्यांची मेजं उलथताना त्याच्या तोंडात पाणी नव्हतं. आणि माझा तक्ता तरी कुठे सरळ होता? दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईवर चार रविवार!

सोमवार, ११
ताईंना गाठलं. आधी माफी मागितली. मग म्हटलं, उरलेल्या रविवारांची सुट्टी आलटून पालटून, आणि पुढचा रविवार माझा.
त्या हसायला लागल्या. "घोट भरलेला बघूनच विचारलं होतं गं तेव्हा. आठ वर्षं रविवार तुलाच का दिले? बाकीच्या भांडायच्या. तू आवंढा गिळायचीस."
हात ग्लासाकडे गेला. पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं.
"पुढचा माझा, ताई," मी पुन्हा म्हटलं. आवाज चढला नाही. मलाच नवल वाटलं.

रविवार, १७
गीताच्या दुसऱ्याच ओळीला आईनं कोपर मारलं.
"हळू सांग. डोळे गेलेत गं माझे, कान नाहीत."