गजराची चूक

धानोरा, ७ नोव्हेंबर १९३८

आजही भिला पाटील खिडकीशी थांबून बोलून गेले — "पोरीस्ले शिकाडतस का निजाडतस?" का, तर माझ्या तिसरीतून पाढ्यांचा गलका येत नाही. दुसऱ्या वर्गांची पावकी-निमकी पार वेशीपर्यंत ऐकू जाते. माझ्या पोरी मान खाली घालून वहीत लिहितात — घरचं एखादं गणित, ते कसं सोडवलं, कुठे अडलं. गावाला वाटतं, आवाज नाही म्हणजे शिकवणं नाही!

बोलू देत. हेडबाई माझ्या बाजूच्या आहेत. लहानपणी याच फुलवंताबाईंनी मला शिकवलं, हंगामी का होईना, ही नोकरीही त्यांनीच दिली. "तू कर गं, मी बसलेय ना इथे," म्हणाल्या.

९ नोव्हेंबर

गजराचं गणित. भाकरी बारा, प्रत्येकाला किती? तिने पाचांनी भागलं. दोन-दोन आल्या, दोन उरल्या. उरल्या त्या कुणाच्या? म्हटलं, रात्री जेवणं होताना बघ.

१० नोव्हेंबर

गजराने वहीत लिहिलंय — "मी आईला मोजलंच नाही. उरल्या त्या आईच्या." वर मला समजावते, "मन्ही माय मांगून जेवस ना, बाई!"

वही धावत फुलवंताबाईंकडे नेली. त्यांनी दोनदा वाचली. मला तर आज जेवणही सुचलं नाही.

१८ नोव्हेंबर

सोमवारी डेप्युटीसाहेब तपासणीला येणार. त्यांचा शेरा बरा पडला तर मी कायम, नाहीतर घरी. हेडबाईंनी उद्या मला खडू-नकाशे आणायला नंदुरबारला धाडलंय. "तुझा वर्ग मी बघते," म्हणाल्या. किती करतात माझ्यासाठी!

२१ नोव्हेंबर

तपासणी झाली.

साहेबांनी पहिली वही उघडली — बारा भाकरी, पाचांनी भागल्या, मी आईला मोजलंच नाही. दुसरी उघडली — तेच. तिसरी — तेच, खाडाखोडसुद्धा त्याच ओळीत! शनिवारी हेडबाईंनी गजराची चूक फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून उतरवून घेतली होती. सुंदरकडूनही. सुंदरची आई पोळ्यानंतर वारली. पोर वहीवरून नजर उचलत नव्हती.

आणि साहेब खूश! "वा, काय एकसारखं काम! शिस्त आहे वर्गाला."

मी तोंड उघडणार तोच फुलवंताबाईंनी माझा हात दाबला. साहेब गेल्यावर म्हणतात कशा — "अगं, तुझ्यासाठीच केलं. तुला कायम व्हायचंय ना?"

माझ्यासाठी! मग मला नंदुरबारला का पिटाळलंत?

२२ नोव्हेंबर

परक्याने केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. या बाईला मी आईच्या जागी मानलं होतं. तिने मला फसवलं, आणि माझ्याच पोरींच्या हातून फसवलं. आज तिच्याकडे चहाला गेले नाही. पुन्हा जाणारही नाही.

गजराने विचारलं, "मन्ही चूक सर्वास्नी कसी काय लिखी, बाई?" पाटी पूस म्हटलं.

५ डिसेंबर

हुकूम आला. मी कायम. शेऱ्यात माझ्या वह्यांचं कौतुक आहे, आणि गुरुवारी तालुक्यातले मास्तर माझा वर्ग बघायला येणार आहेत. फुलवंताबाईंनी पेढा पुढे केला. घेतला नाही.

७ डिसेंबर

नव्या वह्या वाटल्या. सगळ्यांच्या आधी गजराने हात वर केला — "बाई, आज कोनती चूक करानी शे?"

मास्तरलोक उद्या येणार. मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहून दिली.